मणक्यातला ‘गॅप’ आणि दुधाची बादली

रुग्ण पुरुष, वय ४३. जिल्ह्याच्या ठिकाणी भुसार बाजारात हमाल, काम २१ वर्षांचं. तक्रार: बारा दिवसांपासून कंबरेतून डाव्या कुल्ल्यात, तिथून पोटरीत आणि पुढे थेट करंगळीपर्यंत जाणारी कळ. सोबत बायको, एक्स-रेचं पाकीट आणि कुणीतरी आधीच करून दिलेलं निदान.

“मणक्यात गॅप हाय म्हनत्यात, ताई.”

हा शब्द माझ्या खोलीत दिवसातून तीन-चारदा तरी येतो. फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर मी त्यावर चिडणं सोडून दिलंय. पण या प्रकरणात तो शब्द पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत आमच्या दोघांच्या मध्ये बसून होता, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते. (गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्यांना दादा म्हणायचे, इथेही तेच म्हणते.)

एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं आणि दोन मणक्यांमधली चकती दिसतच नाही, तिच्या जागी नुसती काळी फट दिसते. हीच ती फट, हाच तो गॅप. तो प्रत्येकाला असतो, असायलाच हवा. दादांच्या कंबरेतल्या वरच्या फटी चांगल्या रुंद होत्या. अगदी तळातली, पाचव्या कंबरमणक्याखालची, तेवढी बसकी होती. म्हणजे गॅप ‘आला’ नव्हता, होता तोच कमी झाला होता. चकतीतलं पाणी घटलं की तिची उंची घटते आणि दोन हाडं जवळ येतात. लोकांच्या डोक्यात मात्र नेमकं उलटं चित्र बसलंय: मणके एकमेकांपासून सुटले, मध्ये पोकळी झाली, आता ती भरायची कशी? आणि ती भरून देणारेही गावोगाव भेटतात.

‘मणका सरकला’ हा त्याचाच भाऊ. मणका खरोखर पुढे सरकण्याचा एक वेगळा आजार आहे, पण सरकला म्हणून सांगत येणाऱ्या बहुतेकांचा मणका जागच्या जागी असतो. मोठ्या अस्थिबंधांनी आणि जाड स्नायूंनी आवळून बांधलेलं हाड चालता-चालता निसटत नाही. आणि निसटलंच, तर अंगठ्याने दाबून परत बसतही नाही.

दादांना दाखवलेला कणा

माझ्याकडे टेबलावर प्लॅस्टिकचा एक कणा आहे. मणके ओळीने ओवलेले, मध्ये रबरी चकत्या, बाजूने पिवळ्या नसा लोंबतात. तो मी दादांच्या हातात दिला. हातात घेतल्याशिवाय हे समजत नाही असं माझं मत आहे.

जन्मतः आपल्याला ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कंबरेत ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. मोठेपणी शेवटचे दोन गट आपापसात जुळून एकेक हाड होतात, म्हणून मोठ्या माणसात मोजायची हाडं २६ उरतात. पाठीवर हात फिरवला की जे मणी लागतात, तो मणका नव्हे. ते मणक्याच्या मागच्या काट्याचं टोक. मणक्याचा खरा भार पेलणारा भाग पुढे, पोटाच्या बाजूला असतो: जाड, गोल, डब्यासारखा. त्याच्या मागे हाडाची कमान, आणि एकाखाली एक आलेल्या या कमानींच्या बोगद्यातून मज्जारज्जू खाली येतो.

दादांनी कणा आडवा धरला आणि म्हणाले, “ह्यो वाकडा हाय की.”

वाकडाच असतो. समोरून पाहिला तर सरळ, बाजूने पाहिला तर चार बाक. छातीचा आणि त्रिकास्थीचा बाक आईच्या पोटातूनच येतो. मानेचा बाक बाळ मान धरायला लागतं तेव्हा नीट दिसू लागतो आणि कंबरेचा बाक ते बसायला, उभं राहायला, पाऊल टाकायला लागतं तेव्हा घडत जातो. म्हणजे कंबरेची खळी ही दोन पायांवर उभं राहिल्याची कमाई आहे. ‘पाठ सरळ ठेवा’ असं सांगतात त्याचा अर्थ पाटीसारखी सपाट ठेवा असा नसतो, हे बाक जपा एवढाच असतो.

कण्याला तीन कामं एकाच वेळी करावी लागतात, आणि ती एकमेकांच्या विरोधात जाणारी आहेत. धडाचं वजन पेलायचं, तर खांबासारखं घट्ट असावं. वाकायचं, वळायचं, तर वेतासारखं लवचीक असावं. आणि आतल्या नाजूक मज्जारज्जूला धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून तिजोरीसारखं असावं. ही वाटणी मजल्यागणिक बदलते. मान वळवण्याचं निम्मं काम एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सांध्यात होतं, आणि तिथे चकतीही नाही. छातीचे मणके बरगड्यांनी बांधलेले. कंबरेचे मणके सगळ्यात थोराड, त्यांचे मागचे छोटे सांधे अशा कोनात बसलेले की पुढेमागे वाकता येतं पण फिरायला फारसा वाव नाही. उभ्या उभ्या आपण कंबरेतून वळतो असं वाटतं तेव्हा बरंचसं वळणं खुब्यातून आणि छातीच्या भागातून आलेलं असतं.

आणि चकत्या. एकूण २३, कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा त्यांचाच. चकती म्हणजे गादी असं सांगायची पद्धत आहे, मला ती उपमा अपुरी वाटते. बाहेरून एकावर एक १५ ते २५ थरांची कडी असते. प्रत्येक थरातले धागे तिरके, आणि पुढच्या थरातले नेमके उलट्या तिरकेपणाचे. सुंभाच्या खाटेची वीण आठवा. आत पाण्याने भरलेला लिबलिबीत गर. वरून भार आला की गर चहूबाजूंनी पसरू पाहतो आणि कडी त्याला आवळून धरते. भार पेलला जातो तो या ओढाताणीतून. मोठ्या माणसाच्या चकतीत जवळजवळ रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या-खालच्या हाडांच्या पातळ पडद्यातून झिरपून येतं. म्हणून तिची झीज सावकाश, आणि तिचं भरून येणंही तितकंच सावकाश.

दिवसभर उभं राहून चकतीतलं पाणी पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की ती पुन्हा पाणी शोषते. संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने बुटका होतो आणि सकाळी परत उंच. हे मी दादांना गंमत म्हणून सांगितलं, ते हसले, आणि आम्ही दोघांनीही ते सोडून दिलं. तिथेच माझी पहिली चूक झाली, पण ती मला सहा आठवड्यांनी कळली.

त्या दिवशी काय झालं

हमालाची कंबर गेली म्हटल्यावर कुणालाही वाटेल, पोत्याने गेली. मलाही वाटलं. मी प्रश्न विचारले ते सगळे पोत्याचे. कट्टा किती किलोचा? पन्नास. दिवसाला किती? हंगामात दीडशे-दोनशे. फळीवरून की सपाटीवर? थप्पी किती उंच?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने एका वेळी वाहायच्या ओझ्याची शिफारस केलेली मर्यादा ५५ किलो आहे. कट्टा तिच्या आतच बसतो, पण दिवसाला दोनशे वेळा म्हणजे दहा टन. हा आकडा ऐकून मी मनातल्या मनात प्रकरण बंद केलं.

दादा मात्र म्हणत होते, “पोत्यानं न्हाई झालं ताई. सकाळी घरी झालं.” पहाटे साडेपाचला उठले, गाय पिळली, उकिडव्यानेच कंबर वळवून दुधाची बादली उचलली, आणि कंबरेत ‘खट्ट’ झालं. बादलीत दहा लिटरही नव्हतं. पहिले दोन दिवस नुसती कंबर धरली होती. उसण भरली असं समजून घरच्यांनी शेक दिला, आणि शेजारच्या आळीतल्या पायाळू बाईला बोलावून तिचा पाय कंबरेला लावून घेतला. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली व्यक्ती. तिने लाथ मारली की उसण उतरते हा समज आपल्याकडे जुना आहे. साधी उसण तशीही तीन-चार दिवसांत आपोआप सैल पडते, त्यामुळे पायाळूची पत टिकून आहे. दादांची उसण मात्र तिसऱ्या दिवशी कंबरेतून उतरून पायात गेली.

हे मी लिहून घेतलं, आणि ‘निमित्त’ या खात्यात टाकून दिलं. खरं कारण पोतं, बादली नुसतं निमित्त.

तपासणी

उभे राहिल्यावर दादांचं धड उजवीकडे कललेलं होतं. डावीकडची नस मोकळी ठेवण्यासाठी शरीराने आपणहून काढलेली ती तजवीज. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, आणि दादा खोलीत लंगडत आले तेव्हा गिधाडाच्या चालीवरून नाव ठेवणाऱ्याच्या नजरेला मी दाद दिली.

उताणं झोपवून डावा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. ३५ अंशांवर कळ. मग उजवा, चांगला पाय उचलला, तर साठेक अंशांवर कळ डाव्या पायातच आली. हे लक्षण नस चांगलीच चेपलेली आहे असं सांगतं. पायाचा अंगठा वर ओढायची ताकद दोन्हीकडे सारखी. पावलाच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीला कापूस फिरवला तर डावीकडे ‘लांबून लागतोय’. टाचेच्या मागच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल झटकन खाली जायला हवं. उजवं गेलं, डावं ढिम्म.

शेवटी भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर उचलायला सांगितलं. उजव्या पायावर २०, सहज. डाव्या पायावर तीन, आणि तिसऱ्याला टाच जेमतेम उचलली. मी कागदावर लिहिलं: २०/३. पुढे वर्षभर हा अपूर्णांकच या प्रकरणाचा खरा रिपोर्ट ठरला.

एवढ्यावरून नस ओळखता येते. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली बोगद्यात असतो तो नुसता नसांचा झुबका, घोड्याच्या शेपटीसारखा. त्यातली एकेक जोडी एकेका मणक्याखालून बाहेर पडते. आता गोम अशी, की पाचव्या मणक्याची नस ‘एल-५’ ही पाचव्या मणक्याखालच्या चकतीच्या वरूनच फाट्यावर वळून निघून गेलेली असते. त्या चकतीमागून जात असते ती पुढच्या फाट्याची नस, ‘एस-१’. चकती फुटली की अजून हमरस्त्यावर असलेली ही एस-१ सापडते. आणि पोटरीची ताकद, टाचेचं झटकन हलणं, करंगळीकडची जाणीव ही सगळी एस-१ची माणसं. चकती बहुधा मागे आणि कडेला फुटते त्यालाही कारण आहे: कण्याच्या मागच्या बाजूचा उभा अस्थिबंध कंबरेत उतरेपर्यंत अरुंद होत जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना कमकुवत जागा राहतात.

एक प्रश्न उरला होता. तो मी प्रत्येकाला विचारते आणि प्रत्येक वेळी खोलीत अवघडलेपण येतं. लघवी लागल्याचं कळतं का? धार सुरू करायला त्रास? संडासच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं का? दादांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मग दादा म्हणाले, “न्हाई, ते सगळं बरोबर हाय.” बरोबर नसतं, तर मी व्यायाम-बियाम काही न बोलता त्यांना त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात धाडलं असतं. नसांचा अख्खा झुबका चेपला गेला तर उशीर झाल्यावर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. कंबरदुखीत खरी घाई करायची ती इथे, आणि लोक नेमकं हेच लाजेने लपवतात.

एमआरआयचं दीड पान

पोटरी कमजोर होती म्हणून अस्थिशल्यचिकित्सकांचं मत घेतलं, त्यांनी एमआरआय सांगितला. रिपोर्ट दीड पानाचा आला. तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमध्ये चकती किंचित फुगलेली. चौथ्या-पाचव्यात पाणी आटलेली, काळी, फुगलेली. पाचव्याखाली डाव्या बाजूला गर बाहेर पडून एस-१ नसेवर दाब. शेवटी ‘झीज’ हा शब्द तीनदा.

दादांनी तो रिपोर्ट बाजारात टोळीतल्या सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी चेहरा उतरलेला. “तीन मणकं गेलं म्हनं.”

या रिपोर्टमधली एकच ओळ दादांच्या पायाशी जुळत होती, एस-१ची. बाकीचं वयाचं. ज्यांना कसलीच कंबरदुखी नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये अभ्यास झाला. फुगलेली चकती विशीतल्या ३० टक्के, चाळिशीतल्या ५० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के निरोगी लोकांत दिसली. केस पिकावेत तशी चकती सुकते. मी दादांना म्हटलं, तुमच्या टोळीतल्या दहा जणांना त्या यंत्रात घातलं तर पाच जणांचा रिपोर्ट असाच येईल आणि ते आज पोती वाहताहेत. दादांना हे पटलं नाही. कागदावर छापलेल्या गोष्टीला माझ्या तोंडच्या गोष्टीने हटवता येत नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

दुसरी गोष्ट जास्त कामाची होती, आणि ती उलटी वाटते. चकती नुसती फुगलेली असेल तर ती तशीच राहण्याचा संभव जास्त. पण गर कडं फोडून पूर्ण बाहेर आला असेल, तर शरीर त्याला परकं समजून खाऊन टाकायला लागतं. २०१५ च्याच एका आढाव्यात नुसत्या फुगलेल्या चकत्या १३ टक्के रुग्णांत, बाहेर पडलेला गर सुमारे ७० टक्के रुग्णांत, आणि पार तुटून सुटलेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत आपोआप आकसलेला आढळला. चित्र जितकं भयंकर, तितकी आशा अधिक.

शल्यचिकित्सकांनी सांगितलं: सहा आठवडे थांबू. ताकद आणखी घटली तर लगेच या. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचा पाय लवकर सुटला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्या गटातल्या साधारण ३९ टक्क्यांना मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही मी दादांना सांगितलं. अर्धं सत्य सांगून धीर द्यायला मला आवडत नाही. वहिनींनी एकच विचारलं: थांबलं तर पाय लुळा पडेल का? म्हटलं, दर आठवड्याला टाच मोजू. आकडा उतरला तर थांबायचं नाही.

सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात मी नस मोकळी करायचा एक ताण जरा जोरात दिला आणि दादा दोन रात्री झोपले नाहीत. चिडलेली नस ओढायची नसते. मला माहीत होतं, तरी घाई केली. मग साध्यावर आले. उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर. पालथं झोपणं, कोपरांवर रेलणं, जमलं तर हातांवर छाती उचलणं. घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं चालणं. अंथरूण धरून बसायचं नाही.

पालथं झोपून कंबर मागे वाकवण्याच्या प्रकाराने आठव्या दिवशी रंग दाखवला. पायातली कळ करंगळीतून पोटरीपर्यंत, मग मांडीपर्यंत मागे हटली. पण कंबर जास्त दुखू लागली. दादा घाबरून सकाळीच हजर. “ताई, कंबर वाढली.” मी विचारलं, पाय? “पाय हलका हाय.” मला आनंद झाला आणि त्यांना तो विचित्र वाटला. दुखणं पायातून वर कंबरेकडे सरकलं की दिशा बरोबर आहे असं समजायचं. कंबर दुखू दे, पोटरी सुटू दे.

टाचेचा आकडा २०/३ वरून २०/५, मग २०/८ झाला. कलणं गेलं. चौथ्या आठवड्यात पाय ६० अंशांपर्यंत उचलू लागले. आणि तिथेच गाडी अडली. पाचवा आठवडा, सहावा आठवडा, तेच ते. ८ चा आकडा हलेना. दिवसभर बरे असत, पण रोज सकाळी आठ-नऊपर्यंत पोटरीत पुन्हा कळ. मी व्यायाम बदलले, मोजले, पुन्हा विचारले. दादा सगळं इमानदारीने करत होते. पोत्याला हातही लावलेला नव्हता.

उत्तर वहिनींनी दिलं, तेही बोलता बोलता. मी दादांना सहज म्हटलं, आज लवकर आलात. वहिनी म्हणाल्या, “धार काढून लगेच निघालो.”

कोण काढतं धार?

दादाच. बरं वाटायला लागल्यापासून, पंधरा दिवस. रोज पहाटे साडेपाचला, उकिडवं बसून, कंबरेचा बाक पार उलटा करून, वीस मिनिटं. ते काम आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं. आणि मी हमालाला हमालीपलीकडे काही विचारलंच नव्हतं.

आता ते सकाळच्या उंचीचं आठवलं. रात्रभर पाणी शोषून पहाटे चकती फुगलेली, कडी ताणलेली असते. प्रयोगशाळेत कण्याच्या तुकड्यांवर मोजलं तेव्हा वाकताना चकतीवर येणारा ताण भल्या सकाळी संध्याकाळच्या मानाने सुमारे ३०० टक्क्यांनी जास्त निघाला. १९९९ साली जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत दाबमापक बसवला होता. झोपेच्या सात तासांतच दाब ०.१ वरून ०.२४ मेगापास्कलवर गेला, म्हणजे काहीही न उचलता दुपटीहून जास्त. आणि १९९८ च्या एका अमेरिकन चाचणीत जुन्या कंबरदुखीवाल्यांना उठल्यावरचे पहिले काही तास वाकायचं टाळायला शिकवलं, तेवढ्याने त्यांचं दुखणं कमी झालं. हे सगळं मी वाचलेलं होतं. दादांना गंमत म्हणून सांगितलंही होतं.

मग पोत्याचं काय? बाजारात जाऊन पाहिलं. जायला उशीरच केला. कट्टा कुणी एकटा जमिनीवरून उचलत नाही. दोघे जण हुकांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात. तो किंचित पुढे झुकून चालतो, कट्ट्याचं वजन खुब्यांच्या वर येतं, कणा नुसता चेपला जातो, वाकवला जात नाही. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. ५० किलोचा कट्टा शरीराच्या ४० सेंटिमीटर पुढे धरून उचलला, तर तरफेच्या हिशोबाने स्नायूंना ४०० किलोंचा ओढा द्यावा लागतो आणि तो सगळा चकतीवर येतो. पाठीवर घेतला तर हा गुणाकार जवळजवळ उरतच नाही. हमालांनी पिढ्यान्‌पिढ्या जी रीत बसवली तिला कुणी शरीरशास्त्र शिकवलं नव्हतं. शिवाय काम सुरू होतं नऊला, तोवर चकती पिळून बसलेली. गोठ्यात मात्र यातलं काहीच नाही: पहाट, उकिडवं, बादली हातभर पुढे, आणि उचलताना वळणं.

बादलीनेच चकती फोडली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वीस वर्षांची झीज होतीच, तंबाखूही होती, आणि तंबाखू चकतीच्या पोषणाला बरी नाही. पण ‘निमित्त’ म्हणून मी जे बाजूला टाकलं होतं ते रोज पहाटे चालू होतं, एवढं खरं.

पुढे

गाय वहिनींकडे आणि थोरल्या मुलाकडे गेली. मुलगा कॉलेजात, त्याला पहाटे उठायचा कंटाळा, त्यावरून घरात दोन दिवस वाजलं. दोन आठवड्यांत आकडा २०/१२. सकाळची कळ गेली.

मग वाकायला शिकवलं, कारण वाकल्याशिवाय हमाली होत नाही. काठी पाठीला उभी धरायची, ती डोक्याला, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन जागी टेकलेली राहिली पाहिजे, आणि वाकायचं ते खुब्यातून. दादांना पहिल्याच दिवशी जमलं. माझ्याकडच्या बँकेतल्या साहेबांना महिना लागतो. आधी पाच किलोचा पिठाचा डबा, मग दहा, वीस, मग वाळूची अर्धी गोणी. कंबरपट्टा सोडायला लावला. त्यावर त्यांनी वाद घातला. पट्टा बांधून पोती वाहिली तर चकती सुरक्षित राहते असा भरवसा कोणी देऊ शकत नाही, आणि सुरक्षित वाटल्याने माणूस जास्त उचलतो. शेवटी तडजोड झाली: पट्टा खुंटीवर राहील, पण फेकायचा नाही.

मुकादमांशी एकदा बोलले. त्यांनी तीन महिने दादांना पोती शिवण्याचं आणि काट्यावर उभं राहण्याचं काम दिलं, कमी हमालीवर. पाचव्या महिन्यात दादा टोळीत परतले. उचल द्यायला ते वाकत नाहीत, पाठीवर घेतात फक्त. टोळीने हे मानलं, ते का मानलं हे मी विचारलं नाही. बहुतेकांच्या कंबरा तिशी ओलांडलेल्या आहेत.

दहाव्या महिन्यात मुलाने हट्ट करून पुन्हा एमआरआय काढला. माझ्या मते गरज नव्हती. बाहेर पडलेला गर जवळपास नाहीसा झाला होता. एस-१ भोवती जागा मोकळी. चौथ्या-पाचव्यातली काळी चकती होती तशीच फुगलेली, आणि दादा रोज शंभर कट्टे वाहत होते. तळची चकती आणखी थोडी बसली होती. डाव्या टाचेची हातोडी अजूनही ढिम्म, ती बहुधा कायम तशीच राहील. आकडा २०/१७.

दादांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. “गॅपचं काय झालं, ताई?”

मी खरं तेच सांगितलं. “थोडा कमी झालाय.”

चेहरा एकदम उजळला. वहिनींकडे वळून म्हणाले, “बघ, भरत आलाय.” मी तोंड उघडलं, टेबलावरचा प्लॅस्टिकचा कणा पुढे ओढला, मग बाहेर थांबलेल्या सहा जणांकडे पाहिलं आणि तो परत जागेवर ठेवला. वहिनींनी पिशवीतून खरवसाचा डबा काढला. गाय व्यायली होती. धार अजून मुलगाच काढतो.